मच्छरदाणीतलं प्रवाळ

उजेडाला भिणारा वायरमन मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा होता. दाजी माळेगावकडे एका साखर कारखान्याच्या वीज खात्यात होते. गाळपाच्या हंगामात सगळं आवार दिवसासारखं उजळून काढायचं हे त्यांचं काम, आणि ते ते चोख करत. पण घरी आले की याच माणसाचं ठाम मत असं, की उजेड हे औषध आहे आणि ते चमच्याने मोजूनच द्यावं. सकाळी घरातली खिडकी ते एकदम उघडू देत नसत. आधी झडप बोटभर, मग चहा, मग झडप अर्धी, मग दाढी, आणि आंघोळीनंतर कुठे सूर्याला घरात यायची परवानगी. "डोळ्यास्नी सवय हू द्या की जरा," असं म्हणायचे. ताई म्हणायची, "माझा निम्मा संसार अर्ध्या उघड्या खिडकीत गेला." कळसला आमच्या चुलतभावाचं लग्न गोरज मुहूर्तावर होतं. व्हिडिओवाल्याने नवरीच्या तोंडासमोर हॅलोजन धरला, तसे दाजी अक्षतांची मूठ घेऊनच मांडवातून गेले आणि त्यांनी वायर उपटली. "दोन दिस पोरगी घराभायेर पडली न्हाय, आन् एकदम एवढं तोंडावर मारता व्हय?" त्या कॅसेटमध्ये अजूनही ऐन मंगलाष्टकांच्या वेळी नुसता अंधार आहे आणि बांगड्यांचा आवाज आहे.

हे खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं ते मुंबईत. कारखान्याने त्यांना विजेच्या मोटारींच्या दुरुस्तीचं शिक्षण घ्यायला पंधरा दिवस पाठवलं होतं. तिथे एका दुकानाच्या काचेत त्यांनी खाऱ्या पाण्याची टाकी पाहिली, आणि त्या टाकीत प्रवाळ, म्हणजे जिवंत पोवळी, पाण्याबरोबर डुलताना पाहिली. मोटारींचं काय शिकले ते देव जाणे. परत येताना मात्र त्यांच्याबरोबर काचेची पेटी, समुद्री मिठाची पोती आणि फुटपाथवरून घेतलेलं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं. दाजी सातवी पास. शब्दकोश मांडीवर घेऊन रोज अर्धं पान, असं ते पुस्तक त्यांनी दोन वर्षांत संपवलं. समुद्रापासून इतक्या लांब, चहूकडे ऊस असलेल्या गावात, कारखान्याच्या दोन खोल्यांच्या घरात एक माणूस समुद्र सांभाळून बसला होता. शेजारच्या आबांनी टाकी पाहून विचारलं, "ही पवळी कंच्या बोटात घालायची म्हनायची?" दाजी म्हणाले, "आबा, ही घालायची न्हाईत. ही आपल्याला बघत्यात."

त्यांचं पाहून मलाही हौस आली. मी तेव्हा इंदापुरात बँकेत होतो. दाजींनी सांगितलं त्याप्रमाणे टाकी मांडली, तीन महिने नुसतं पाणी मुरू दिलं, आणि मग मुंबईच्या एका मित्राकडून तीन प्रवाळं मागवली. एक गुंड्यांच्या झुपक्यासारखं, एक उलट्या छत्रीसारखं आणि एक जाड बोटांच्या पंजासारखं. त्यांच्याबरोबर एक दिवाही मागवला, मैदानावर लावतात त्या जातीतला. आता एवढा खर्च केल्यावर माणूस दिवा लावणार नाही तर काय करणार? मी पहिल्याच दिवशी सकाळी आठला लावला तो सगळी गल्ली पाहून जाईपर्यंत बारा तास चालू ठेवला. तिसऱ्या दिवशी छत्री सुरकुतली, पंजाची मूठ वळली आणि गुंड्या पांढऱ्याफटक पडल्या. मी दाजींच्या शेजाऱ्यांकडे फोन लावला. दाजींनी एकच विचारलं, "दिवा किती तास?" मी सांगितलं. मग म्हणाले, "बंद करा. हात लावू नका. निघालोच."

दुपारच्या एसटीने ते आले ते बगलेत मच्छरदाणी घेऊन. मला वाटलं, मुक्कामाच्या तयारीने आलेत. त्यांनी कात्री मागितली आणि माझ्यादेखत ती चांगली मच्छरदाणी फाडून तिचे टाकीच्या मापाचे पाच तुकडे केले. एकावर एक असे पाचही दिवा आणि पाण्याच्या मध्ये ताणून बांधले, दिवा हातभर वर टांगला, आणि तिन्ही प्रवाळं अलगद उचलून तळाशी ठेवली. "ह्येंच्या अंगात बारीक शेवाळ ऱ्हातंय, पाव्हणं. ते उजेड खातंय आन् ह्येंना रांधून घालतंय. तुमी चुलीत सगळं सरपण एकदम कोंबलं. मग घरधनी काय करील? रांधणारीलाच घराभायेर काढतोय. म्हणून पांढरं पडतंय." मग माझ्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्यांनी हिशोब लिहिला: पहिल्या दिवशी तीन तास उजेड, रोज अर्धा तास वाढवायचा, दर तीन दिवसांनी जाळीचा एक थर काढायचा. आणि हंगाम संपलेला असल्यामुळे, पंधरा दिवसांची रजा टाकून ते माझ्याकडेच राहिले.

त्या पंधरा दिवसांत इंदापुरात वीज गेली की आनंद होणारं एकमेव घर आमचं होतं. सगळी गल्ली वीज मंडळाच्या नावाने बोटं मोडत असताना आमच्या ओट्यावरून आवाज यायचा, "बरं झालं गेली! जरा इसावा मिळंल." मी बँकेतून आलो की दाजी दिवसभराचा अहवाल देत: छत्रीची एक सुरकुती कमी झाली, पंजा ढिला पडल्यागत वाटला पण खात्री नाही. गुंड्यांचा झुपका मात्र पाचव्या दिवशी विरघळला. दाजींनी तो काढून कुंडीत पुरला आणि त्या दिवशी जेवले नाहीत.

नवव्या दिवशी पंजावर मेणासारखा घाणेरडा थर चढला. मी हाय खाल्ली. म्हटलं, हाही मेला, आता सगळं पाणी नासवणार. तो काढून टाकायला मी हात घातला, तर दाजींनी माझं मनगट धरलं. मग वाकून पाण्याला नाक लावलं. "वास न्हाय. मेलं असतं तर भिगवनच्या मासळी बाजारागत घमघमाट सुटला असता. कात टाकतंय ते. थांबा."

"आणि नाही सुधारलं तर?"

दाजी खुर्चीत बसले. "माजं पयलं पवळं मीच जाळलं, पाव्हणं," ते म्हणाले. "कारखान्यातला मोठ्ठा दिवा डोक्यावर लावला. म्हटलं, जिवाला काही कमी पडाया नको. दोन दिसांत खलास. तुमच्या ताईला सांगितलं, आलं तवाच मेल्यालं हुतं. तिला अजून तसंच वाटतंय." एवढं बोलून ते उठले आणि उगाचच जाळीची सुतळी घट्ट करत बसले. मी हात पुसले आणि पंजा तिथेच राहू दिला.

सोळाव्या दिवशी सकाळी शेवटचा थर काढायचा होता. दाजींची रजा आदल्या दिवशीच संपली होती, तरी सकाळपर्यंत ते थांबले. पण पिशवी भरून पहिल्या एसटीला निघाले ते जाळी न काढताच. मी म्हटलं, "दाजी, तासाभराने जा की."

"नगं. मी हितं असलो तर सारखा हात घालीन. तुमचं हाय, तुमीच काढा."

मी जाळी काढली आणि समोर बसलो. बँकेला उशीर झाला तरी बसलो. छत्री आधीच सावरली होती; पावणेअकरा वाजता पंजाचीही मूठ सुटली. मेणाचा थर सालीसारखा निघून पाण्यात तरंगला, आणि त्या पाचही बोटांवर बारीक, चांदण्यांसारखी असंख्य तोंडं हळूहळू उघडली. इतक्या लहान घरात इतका मोठा आनंद कुणाला सांगावा ते मला कळेना.

दुपारी मी दाजींच्या शेजाऱ्यांकडे फोन लावला. दाजी धावत आले असणार, धाप ऐकू येत होती. मी सगळं सांगितलं. मेणाचं, बोटांचं, तोंडांचं. मग फोन कुणाच्या तरी हातात दिल्याचा आवाज झाला आणि ताई घाबऱ्या घाबऱ्या म्हणाली, "काय सांगितलंस रे ह्यांना? ओट्यावर बसून डोळं पुसायला लागल्यात. कोन गेलं?"

"कोणी नाही गेलं, ताई," मी म्हटलं. "सगळे आहेत."

आता दाजी नाहीत. ताईला ती जळालेल्या पोवळ्याची गोष्ट मी अजूनही सांगितलेली नाही. एकदा सांगायला म्हणून गेलो होतो. ती म्हणाली, "ह्यांच्या हातून कधी काही मेलं न्हाय बघ." मी चहा घेतला आणि परत आलो.