मधलीचं वर्ष

पाळी बदलायच्या वेळेला बस डेपोच्या फाटकापाशी एक अख्खं घर रोज उभ्याउभ्या हात बदलायचं. नवरा बसचा ड्रायव्हर, तो पहाटेची पाळी संपवून बाहेर यायचा. बायको दोन्ही काखांत जुळी आणि पदराला मधली लटकवून त्याची वाट बघत असायची. "याला सर्दी आहे, त्याला नाही, पण दुपारपर्यंत होईल. थोरल्याला शाळेतून आणा. मधली जेवली नाही अजून," हे सगळं एका दमात सांगून, घराची किल्ली त्याच्या खिशात कोंबून ती धावत सुटायची. समोरच्या गल्लीतल्या चष्म्याच्या दुकानात ती फ्रेमच्या मापाने काचा घासायचं काम करी. डेपोत तिला चष्मेवालीच म्हणत. दोन्ही हातांत जुळी आली की ड्रायव्हरची टोपी हमखास खाली पडायची आणि पानवाला ती उचलून त्याच्या डोक्यावर ठेवायचा. कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

वावगं वाटलं ते ड्रायव्हरच्या थोरल्या बहिणीला. आई लवकर गेली, तेव्हा याच बहिणीने त्याला लहानाचं मोठं केलं होतं. तिचं घर मोठं, कपाटं नीटनेटकी, मूलबाळ नाही. एके दिवशी तिच्या रिक्षाने नेमकं डेपोवरून वळण घेतलं आणि संध्याकाळी ती भावाच्या दारात उभी राहिली.

"पोरं काय पार्सलं आहेत फाटकावर द्यायला-घ्यायला?" ती म्हणाली. "दोन होती तेव्हाच तुमच्या नाकी नऊ आले होते. त्यात हे जुळं, म्हणजे घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं! मी सांगते ऐका. मधली मला द्या. शिकवीन, सांभाळीन, काही कमी पडू देणार नाही."

"ताई, आमच्याकडे जास्तीचं मूल नाही," चष्मेवाली म्हणाली.

इथे खरं म्हणजे ड्रायव्हरने बोलायला हवं होतं. एवढी मोठी बस गर्दीतून वळवणारा माणूस, पण बहिणीपुढे याचं स्टिअरिंग जाम होई. तो म्हणाला, "वर्षभर बघू."

"ठीक आहे," बहीण म्हणाली. "वर्षभराने मी येईन. घर सावरलंत तर उत्तमच. नाहीतर पोरगी माझ्याकडे."

ती गेल्यावर चष्मेवालीने नवऱ्याला फैलावर घेतलं. "पोरीला तारीख लावलीत तुम्ही!"

"अगं, मी 'हो' कुठे म्हटलं? नुसतं 'बघू' म्हटलं."

"तुमच्या ताईंपुढे तुमचं 'बघू' म्हणजे अर्ध्याहून जास्त 'हो' असतं. मी ओळखत नाही का!"

तर अशी ती तारीख लागली. चष्मेवालीचा स्वभाव असा, की "तुला जमणार नाही" म्हटलं की ती पदर खोचते. तिने ठरवलं, घर असं लखलखीत ठेवायचं की ताईंना बोट ठेवायला जागा मिळू नये. ताई, म्हणजे पोरांच्या आत्याबाई, अधूनमधून न सांगता टपकत. खिडकीच्या कठड्यावरून बोट फिरवत. थोरल्याची वही उलटीसुलटी करून बघत, जुळ्यांची नखं तपासत आणि निघताना म्हणत, "बरं आहे. पण अजून वर्ष संपलं नाही." स्वतःचं एकही पोर रात्री खोकलेलं नाही अशा माणसाने चार पोरांच्या आईला धडे द्यायचे, यालाच उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात. पण चष्मेवाली त्या शेळ्यांतली एक झाली, हे तिचं चुकलंच. आत्याबाईंच्या बोटाला धूळ लागू नये म्हणून ती कामावरून आल्यावर पाठ मोडेपर्यंत पुसत राहायची.

आणि वर्ष काही थांबून राहत नाही. जुळी रांगू लागली, मग एक उभा राहिला आणि दुसऱ्याने त्याला पाडायचं व्रत घेतलं. थोरल्याचे दात पडले. ड्रायव्हरची पाळी बदलली आणि सगळं गणित नव्याने मांडावं लागलं. घरात गोवर येऊन गेला. या धांदलीत एका सकाळी मधलीने पिठाचा डबा आडवा केला. सगळीकडे पीठ. जुळी त्यात लोळायला लागली. चष्मेवालीला उशीर होत होता आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "नीट वाग! नाहीतर आत्या येईल तुला न्यायला!"

बोलली आणि विसरली. आया असं कितीतरी बोलतात.

त्यानंतर मधली फार शहाणी झाली. सांडत नाही, मागत नाही, भांडत नाही. जुळ्यांनी तिचं खेळणं हिसकावलं तर देऊन टाकते. आईच्या मांडीवर ते आले की स्वतःहून उठून भिंतीपाशी जाऊन बसते. बालवाडीच्या बाई म्हणाल्या, "पोरगी अगदी गुणाची आहे हो, तिचा आवाजसुद्धा येत नाही." शेजारपाजारच्यांनीही कौतुक केलं. चष्मेवालीलाही वाटलं, चला, एक तरी पोर मार्गी लागलं. खोटं कशाला सांगा, तिला बरंच वाटलं.

मग एकदा आंघोळ घालताना मधलीचा गुडघा दिसला. पडून सोललेला, सुजलेला, पू धरलेला. काही दिवसांपूर्वीचा असणार. पोरगी एवढे दिवस भर उन्हात लांब पायजमा घालून फिरत होती.

"अगं, सांगितलं का नाहीस?"

मधली पाण्याच्या बादलीकडे बघत म्हणाली, "तू दमली असतीस. मग आत्या आली असती."

चष्मेवाली तिथेच ओल्या फरशीवर बसली. तिला रडू आलं, आणि रडण्याहून जास्त संताप आला. ताईंचा आला, नवऱ्याच्या "बघू"चा आला, सगळ्यात जास्त स्वतःच्या जिभेचा आला. "तुला कुणीही कुठे नेणार नाही," ती म्हणाली. मधलीने शहाण्यासारखी मान हलवली. चष्मेवालीला कळलं, पोरीचा विश्वास बसलेला नाही. आईचं आधीचं बोलणं तिने खरं मानलं होतं, मग आता हे कशावरून मानायचं?

दुसऱ्या दिवशी दुकानात तिच्या हातून एक काच वाया गेली. कडा घासता घासता लक्ष उडालं आणि जरा जास्तच घासली गेली. फ्रेममध्ये बसवली तर बसेना, नुसती निसटून टेबलावर पडे. एकदा जास्त घासलेल्या काचेला कुठलाच इलाज नसतो. ती काच हातात धरून चष्मेवाली पुटपुटली, "पोरीलाही आपण अशीच घासून घासून लहान केली. पण ती काच नाही. तिला मी पुन्हा मोठी करीन." मालक म्हणाले, "काय म्हणालात?" ती म्हणाली, "दुसरी काच द्या म्हटलं."

त्या दिवसापासून तिने आत्याबाईंसाठी फडकं हातात घेणं बंद केलं. आत्याबाईंच्या बोटाला धूळ लागली तर लागली. ड्रायव्हरने घाबरत विचारलं, "अगं, ताई काय म्हणेल?" तिने त्याला मधलीचा गुडघा दाखवला. तो मलमाची ट्यूब घेऊन पोरीपाशी खाली बसला.

वर्ष संपलं. आत्याबाई ठरल्याप्रमाणे आल्या, सोबत नवी कोरी लहान बॅग. घराची अवस्था काय वर्णावी! नळ गळत होता, त्याखाली पातेलं ठेवलेलं. जुळ्यांनी वर्तमानपत्राच्या चिंध्या करून खोलीभर पसरल्या होत्या. थोरल्याने भिंतीवर बसचा रस्ता काढला होता, सगळ्या थांब्यांसकट. ड्रायव्हर गणवेशातच भात कालवत होता. आत्याबाईंनी मुलांना बाहेर पाठवायची गोष्ट काढली, तर चष्मेवाली म्हणाली, "नको. मधली इथेच थांबेल. तिला ऐकू दे."

मधली भिंतीला टेकून उभी होती, हात मागे बांधून.

आत्याबाईंनी खोलीभर नजर फिरवली. "मी काही बोलायची गरज आहे का?"

"नाही, ताई," चष्मेवाली म्हणाली. "तुम्ही वर्षभर परीक्षा घेतलीत. मी नापास झाले. घर सावरलं नाही, पुढच्या वर्षीही सावरेल असं वाटत नाही. पण नापास झाले तरी हिची आई मीच. मधली कुठेही जाणार नाही. आज नाही, कधीच नाही. घरात याहून दुप्पट पसारा झाला तरी नाही."

आत्याबाई भावाकडे वळल्या. सगळ्यांना वाटलं, आता पुन्हा ते "बघू" येणार.

ड्रायव्हरने ताट खाली ठेवलं. "ताई, तू मला वाढवलंस. जन्मभर विसरणार नाही. पण त्याची फेड म्हणून मी पोर देणार नाही. तुला पोरांची माया लागली असेल तर ये, रोज ये. न्यायला येऊ नकोस."

आत्याबाईंच्या हातातली बॅग खाली टेकली. त्यांचा चेहरा पडला, आणि चष्मेवालीला त्यांची कणव आली. कणव आली म्हणून तिने शब्द मात्र मागे घेतला नाही. ती जमिनीवर बसली. सवयीप्रमाणे एक जुळा लगेच तिच्या मांडीवर चढला.

मधली भिंतीपासून निघाली. आत्याच्या अगदी समोरून चालत आली. तिने भावाला दंडाला धरून मांडीवरून खाली ओढलं. तो भोकाड पसरून रडायला लागला. तिने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. आईच्या मांडीत ऐसपैस बसून ती म्हणाली,

"आता मी बसणार. आणि मी उठणार नाही."