अठ्ठेचाळीस दिवस आणि दोन इंच

माझा उजवा खांदा दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गेला, बाहुल्यांची पेटी माळ्यावर चढवताना. पेटीचं वजन तेवीस किलो. घरात प्रत्येकजण वेगळा आकडा सांगायला लागला, म्हणून मी ती नंतर रद्दीवाल्याच्या काट्यावर तोलून घेतली. मी स्टुलावर उभी होते आणि हे खालून पेटी वर देत होते. कडी निसटली, मी एका हाताने पेटी धरली. सोडली असती तर सासूबाईंच्या मातीच्या बाहुल्या फुटल्या असत्या, आणि हेही खालीच उभे होते. बाहुली एकही फुटली नाही.

डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं की हाड शाबूत आहे, स्नायू आणि सांध्याचे बंध ताणले गेलेत. दहा दिवस हात झोळीत ठेवा, मग हळूहळू हलवायला लागा.

चौथ्या दिवशी पापनाशमहून वन्सं आल्या, म्हणजे यांच्या थोरल्या बहीण. त्यांचं म्हणणं, ताणलेला हात हलवायचा कसला? तेल लावून एक मंडल अंगाशी बांधून ठेव. आमच्याकडे, इकडे दक्षिणेत, औषध असो की व्रत, अठ्ठेचाळीस दिवसांचं मंडल पाळतात. मी शाळेत गणित शिकवते. डॉक्टरांचं 'हळूहळू' मला ढोबळ वाटलं. अठ्ठेचाळीस हा नेमका आकडा होता. रोज कॅलेंडरवर डाव्या हाताने एक काट मारत मी ते पाळलं, एका दिवसाचीही सूट घेतली नाही. एकोणपन्नासाव्या दिवशी पट्टी सोडली तर हात छातीच्या वर जाईना. मोजणी बिनचूक होती. मोजलं तेच चुकलं होतं. यात वन्संना दोष नाही. डॉक्टरांचं सोडून त्यांचं ऐकणारी मीच.

मग फिजिओथेरपी सुरू झाली. तेव्हा गावात हा शब्द नवा होता. शेजारणी विचारायच्या, गोळ्या किती देतात? गोळ्या नाहीत, व्यायाम, असं सांगितलं की त्यांना माझी कीव यायची. एका कापड दुकानाच्या वर दोन खोल्या, भिंतीला कप्पी आणि दोर, आणि तिशीही न गाठलेली एक मुलगी. तिने कोनमापकाने माझा हात मोजला. पुढून वर पंचावन्न अंश. शाळेत ज्या वस्तूने मी मुलींना कोन मोजायला लावते, तिचाच मोठा भाऊ माझ्या काखेशी बघून मला राग आला. पण आकडा मिळाला, हेही खरं.

घरी करायचे व्यायाम तीन. वाकून, हातात पाण्याचा चोंबू धरून लंबकासारखा हलवायचा. दारावरून दोर टाकून डाव्या हाताने उजवा ओढायचा. आणि भिंतीवर बोटांनी कोळ्यासारखं वर चढायचं. प्रत्येकी दहा वेळा, सकाळ-दुपार-संध्याकाळ. दुखायचं. तिसऱ्या फेरीला डोळ्यांत पाणी यायचं, पण मोजणी थांबत नसे.

संक्रांतीला वन्सं पुन्हा आल्या. आमच्या घरचा कोलू, म्हणजे नवरात्रात मांडायच्या बाहुल्या, नऊ पायऱ्यांचा. सासूबाईंनी तो माझ्या हाती सोपवला होता, आणि सगळ्यात वरच्या पायरीवर लाकडी राजा-राणी घरच्या बाईने स्वतः ठेवायची, उजव्या हाताने, ही त्यांची रीत. वन्सं म्हणाल्या, "काय गे, हात गेला तर गेला. लाज कसली? यंदापासून बाहुल्या मी पापनाशमला नेते. नाहीतर तू आपल्या तीन पायऱ्या मांड, लहान मुलींसारख्या."

मी म्हटलं, "हात गेला नाही. रजेवर आहे."

हे हसले. वन्सं हसल्या नाहीत. नवरात्राआधीच्या अमावास्येला येईन, पिशव्या घेऊन, एवढं सांगून बसला गेल्या.

त्या गेल्यावर मी टेप काढली. कोलू मांडायच्या सागवानी शिडीच्या नऊ पायऱ्या, प्रत्येकी आठ इंच. वरची फळी बहात्तर इंचांवर. राजा-राणीचे पाय कडेला लागू नयेत म्हणून आणखी दोन. बाजूने उभं राहून चौऱ्याहत्तर इंच गाठायचे होते, तेही जमिनीवरून, कारण यांनी स्टूल शेजाऱ्यांना देऊन टाकलं होतं. स्वयंपाकघराच्या भिंतीवर मी चौऱ्याहत्तरला पेन्सिलीने रेघ मारली. त्या दिवशी बोटं पोचली ती चव्वेचाळीसला.

शाळेत मी फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागात लिहायची. मुख्याध्यापिकांनी कार्यालयातलं काम सुचवलं. मी सांगितलं, प्रमेय अर्ध्या फळ्यात मावतं.

फेब्रुवारीअखेर बावन्न. एप्रिलमध्ये साठ. जूनमध्ये त्रेसष्ट, आणि तिथे एकोणीस दिवस तोच आकडा. विसाव्या दिवशी चौसष्ट झाले आणि मी ते मोठ्या आनंदाने फिजिओथेरपीवालीला सांगितलं. तिने तिच्या भिंतीपाशी मला उभं केलं, एक हात माझ्या खांद्यावर ठेवला आणि म्हणाली, "आता चढा, टीचर." बासष्टला थांबले. मी टाचा उचलत होते आणि कमरेतून वाकत होते, मलाच न कळता. आयुष्यभर मुलींना सांगत आले की उत्तर आधी ठरवून गणित सोडवू नका. घरी येऊन चौसष्ट आणि त्रेसष्ट दोन्ही रेघा खोडल्या. त्यानंतर टाचांखाली कागद ठेवून मोजायला लागले, आणि यांना तो ओढून बघायला सांगायची. निघाला तर तो आकडा बाद.

भाद्रपद संपता संपता बहात्तर. खरे बहात्तर, टाचांखालचा कागद जागेवर. फिजिओथेरपीवाली म्हणाली की अजून वाढेल, पण दोन महिने तरी लागतील. अमावास्येला आठ दिवस होते.

दोन दिवस मी हातावर राग काढला. तिसऱ्या दिवशी सुताराला बोलावलं आणि शिडीचे पाय तळातून दोन इंच कापायला सांगितले. तो करवत लावेना. इतकं जुनं सागवान, अम्मा, म्हणाला, घरात विचारा. मी म्हटलं, घरात मीच आहे.

अमावास्येला वन्सं आल्या, चार रिकाम्या पिशव्या घेऊन. तळाच्या पायरीकडे त्यांची नजर लगेच गेली.

"आईच्या शिडीला करवत लावलीस?"

"लावली. दोन इंच. पायऱ्या मोजा वन्सं."

त्यांनी खरंच मोजल्या, बोटाने, खालून वर. नऊ. पहिली सहा इंचांची, बाकी आठ जशाच्या तशा. पायऱ्यांची संख्या विषम असावी एवढंच सासूबाई सांगत. उंचीबद्दल त्या काही बोलल्याचं मला आठवत नाही, आणि वन्संनाही आठवलं नाही.

मी बाजूने उभी राहिले. आधी राजा, मग राणी, दोन्ही उजव्या हाताने. राणी थोडी तिरकी उभी राहिली. वन्संनी ती सरळ करायला हात पुढे केला. मी म्हटलं, राहू द्या, आणि दम घेऊन पुन्हा हात वर नेला.