आबांच्या छातीतली आगारी

आमच्या आबांच्या छातीत जितकी मेलेली माणसं राहत होती, तितकी धुळ्याच्या मसणातही नसतील. हे मी उगाच म्हणत नाही. लग्न होऊन त्या घरात आले त्याच आठवड्यात आबांनी स्वतः माझी त्या सगळ्यांशी रीतसर ओळख करून दिली होती. आबा म्हणजे माझे चुलत सासरे, ह्यांचे सख्खे काका. कापसाच्या जिनात चाळीस वर्षं वजनकाट्यावर बसलेले, विधुर, मूलबाळ नाही, म्हणून आमच्याकडेच असायचे. अंगानं काटकुळे, मिशी मात्र दोन माणसांना पुरेल एवढी. आणि जळजळ? ती अख्ख्या गल्लीला पुरून उरली असती. पाणी प्यायले तरी आंबट ढेकर, नाही प्यायले तरी आंबट ढेकर. कॉटच्या उशाकडच्या पायांखाली त्यांनी दोन-दोन विटा लावल्या होत्या, झोपेत आंबट पाणी घशाशी येऊ नये म्हणून. त्यामुळे रात्री उशीवर टेकलेले आबा सकाळी घसरत घसरत पायथ्याशी गोळा झालेले सापडायचे. पहिल्या सकाळी ते दृश्य पाहून मी किंचाळले होते. आबा तिथूनच म्हणाले, "घाबरू नको सूनबाई, जिता शे मी."

आता आगारी म्हणजे काय, ते खानदेशाबाहेरच्यांना सांगायला हवं. आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, आमच्याकडे घागर भरतात आणि गोवरीच्या निखाऱ्यांवर पुरणपोळीचे, आमरसाचे घास टाकतात. घास धुरावाटे पितरांना पोचतो, हीच आगारी. आबांचं म्हणणं असं, की लोकांची आगारी वर्षातून एकदा पेटते, त्यांची बारा महिने पेटलेली आहे. निखारा दिसला की भुकेलं माणूस येणारच. चहानंतर बरगडीच्या डाव्या अंगाला टोचतो तो त्यांचा थोरला भाऊ. तो हयात असतानाही टोचूनच बोलायचा. जेवणानंतर घशात कडू येतं ते वडील. आणि दुपारी बरोबर चारला छातीच्या मधोमध जी मंद धग उठते, ती आई. चार वाजले की आबा ओट्यावर दोन खुर्च्या समोरासमोर मांडायचे, दोन पेले पाणी ठेवायचे आणि गप्प बसायचे. धुळ्याची वैशाखातली दुपारची चारची वेळ तुम्ही पाहिली आहे का? रस्त्यावर कुत्रं नाही, झाडावर पान हलत नाही, उन्हानं भिंतींनीसुद्धा डोळे मिटून घेतलेले. त्या तसल्या भगभगीत शांततेत एक म्हातारा रिकाम्या खुर्चीकडे पाहून मान डोलावतोय. रात्रीच्या भुताला निदान अंधाराची लाज असते. हे भूत उजेडात यायचं. एकदा एक विमा एजंट घाम पुसत येऊन त्या खुर्चीत बसला. आबा इतकंच म्हणाले, "ऊठ भाऊ, तू मनी मायना मांडीवर बसेल शे." तो माणूस पुन्हा आमच्या गल्लीत शिरला नाही.

आणि तेव्हाची मी? जळगावच्या कॉलेजातून केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी., तीही सेकंड क्लास. पण मिरवणं असं, की जगातली सगळी अॅसिडं माझ्या परवानगीनंच आंबट होतात. मी आबांना समोर बसवून जठर काढून दाखवलं, त्यातला झडपेचा दोष समजावला. ह्यांच्या ऑफिसच्या कागदावर, लाल शाईनं. आबांनी चित्र नीट पाहिलं आणि विचारलं, "यात माय कोठे बसस?" मी हात टेकले आणि मनात म्हटलं, अडाणी आहेत. माझ्याएवढी अडाणी मुलगी त्या घरात दुसरी नव्हती, हे कळायला मला पुढं बरीच वर्षं लागली.

सगळे यायचे, एकजण सोडून. आमच्या काकू, आबांची बायको, माझ्या लग्नाच्या सहा वर्षं आधी गेल्या होत्या, त्या कधीच आल्या नाहीत. कारण आबांनीच एकदा मला शेंगा सोलता सोलता सांगितलं. हिवाळ्याचे दिवस, काकूंनी वांग्याचं भरीत केलेलं, कांद्याची पात, हिरवी मिरची, वर कच्चं तेल. आबांची छाती त्या दिवशी आधीच पेटलेली. त्यांनी एक घास घेतला आणि ताट सरकवलं, "माणसानं खायचं का हे?" काकूंनी ताट उचलून नेलं. चौथ्या दिवशी साध्या तापानं गेल्या. "बठ्ठा येतस, सूनबाई," आबा म्हणाले, "तीच नही येस. एक डाव येऊ दे. मी तिला सांगेन, भरीत चांगलं होतं." एवढंच त्यांचं मागणं. त्यासाठी ते रोज जळत होते म्हणा ना.

एकोणनव्वद-नव्वदचा सुमार असेल. आबांना शौचाला काळं होऊ लागलं, चेहरा पांढरा पडला. ह्यांनी त्यांना नाशिकला नेऊन दुर्बीण घालून आणली. अन्ननलिकेला खालच्या बाजूनं जखम, रक्त झिरपतंय. डॉक्टरांनी तेव्हा नवीनच आलेली कॅप्सूल लिहून दिली, रोज सकाळी उपाशीपोटी. आबांनी विचारलं, "कधीपर्यंत?" डॉक्टर म्हणाले, "बंद करायची नाही." "म्हणजे मरेपर्यंत?" "तसंच समजा." "आणि मेल्यावर?" डॉक्टरांनी ह्यांच्याकडे पाहिलं, ह्यांनी छताकडे.

कॅप्सूलनं पाचव्या दिवशी चमत्कार केला. आग विझली. चार वाजले, आबा खुर्च्या मांडून बसले, आणि कोणीच आलं नाही. सहाव्या दिवशीही नाही. मी आनंदानं बर्फी आणली. आबा मात्र चोरी झालेल्या घरात बसावं तसे बसले होते. त्यात गल्लीतले शहाणे होतेच. कोणी म्हणे, जन्मभर गोळी म्हणजे किडनी गेली. कोणी म्हणे, हाडं पोकळ होतात. वैद्यकीतलं काडीचं न कळणारे एक मास्तर म्हणाले, "आबा, अशानं पोट आपलं काम विसरतं." आबांनी तेवढंच वाक्य उचललं. मला म्हणाले, "पोट विसरलं तर विसरू दे. पण गोळ्या खाऊन वर्षानुवर्षं निखारा नसला, तर ते रस्ता विसरतील. आणि तिनं तर रस्ता अजून पाहिलाच नाही."

मग सुरू झाली आमची लढाई. मी सकाळी कॅप्सूल हातावर ठेवायची, आबा गिळल्यासारखं करायचे, आणि दुपारी ती तुळशीच्या कुंडीत सापडायची. मी त्यांच्या तोंडात बॅटरी मारून जिभेखाली तपासू लागले. ते कॅप्सूल उघडून अर्धे दाणे सांडू लागले, "जखम बी भरेल आणि माय बी येईल" या हिशेबानं. महिन्याभरात पुन्हा काळं होऊ लागलं. डॉक्टरांनी ह्यांना बाजूला घेऊन सांगितलं, गोळी नीट घेतली नाही तर एक दिवस भडभडून रक्त जाईल आणि हाताशी काही राहणार नाही.

मला तेव्हा सातवा महिना होता. आणि बायांनो, तुम्हाला ठाऊकच आहे, सातव्या महिन्यात पोर वर सरकतं आणि आपली छाती पेटते. मी एकदा अंघोळीनंतर भिंत धरून उभी राहिले. आबा ओट्यावरून पाहत होते. "जळजळस का?" मी हो म्हटलं. त्यांनी डॉक्टरांच्या वर तपासणी सुरू केली. किती वाजता? कुठल्या बाजूला? चव कशी? आणि माझ्या त्या सेकंड क्लास डोक्यात एक थाप शिजली. विज्ञानाला जे जमत नव्हतं, ते थापेनं करू. मी डोळे मिटले आणि अगदी हळू म्हणाले, "आंबट नाही आबा. ओल्या खापराची चव येते. कोणीतरी बाई असावी." खापर का सुचलं, देव जाणे. मांडे भाजायचं खापर चुलीशी उपडं होतं, त्यावर नजर गेली असेल.

आबांच्या हातातला पेला खाली पडला. त्यांनी तो उचललाही नाही. मग म्हणाले, "हे तुला कोणी सांगितलं?" काकूंना एकदा, एकदाच, दिवस गेले होते. फुटक्या खापराचे तुकडे त्या पदरात बांधून ठेवत आणि चोरून चघळत. फक्त आबांना माहीत. सातव्यात सगळं संपलं, आणि त्यानंतर त्या दोघांनी खापराचं नाव घरात काढलं नाही.

आबा उठून उभे राहिले. सुनेच्या छातीकडे कसं पाहणार, म्हणून कोपऱ्यातल्या पाण्याच्या घडवंचीकडे तोंड करून, जिनात काट्यापुढे उभं राहावं तसं ताठ उभं राहून म्हणाले, "भरीत चांगलं व्हतं." त्यांनी दोनदा म्हटलं. मग हात पुढे केला. "आण ती गोळी. ती तुनाकडे येस आते. मना निखारा विझला तरी चाली."

आबांनी कॅप्सूल गिळली. पूर्ण, दाण्यांसकट. आणि मी, केमिस्ट्रीची पदवीधर, आत जाऊन देव्हाऱ्यापुढे बसले. आदल्या वर्षीच शेजारणीच्या काळ्या दोऱ्याला हसलेल्या मी त्याच संध्याकाळी तिच्याकडूनच दोरा मागून आणला आणि पोटावर बांधला. ह्यांना सांगितलं, परकर घसरतोय.

बाळंतपणाला मी जळगावला माहेरी गेले. दर रविवारी आबा सकाळच्या एसटीनं धुळ्याहून निघायचे, पारोळा करत, एरंडोलला पाय मोकळे करत, तीन तास हादरे खात यायचे. माझ्या वडिलांना नमस्कार करायचे, पाणी प्यायचे आणि दारातून विचारायचे, "उनी का?" म्हणजे, आली का? मी म्हणायची, "उनी, आबा." मग ते परतीची गाडी पकडायचे. माझ्या आईनं आठ दिवस डोकं खाल्लं, कोण येते म्हणून. मुलगी झाली, खणखणीत आवाजाची. जळजळ तिच्याबरोबरच निघून गेली. आता माझ्या छातीत कुणीही नव्हतं. पण आबा रोज सकाळी कॅप्सूल हातात घेऊन विचारायचे, "उनी का?" आणि मी पोळ्या लाटता लाटता "उनी" म्हणायची. म्हटलं की गोळी गिळली जायची. सात वर्षं मी रोज खोटं बोलले आणि सात वर्षं एक थेंब रक्त गेलं नाही.

आखाजीला आगारी त्यांच्याच हातची. निखाऱ्यावर पुरणपोळी टाकून झाली की ते खिशातून हळूच एक कॅप्सूल काढून टाकायचे. मी पहिल्यांदा ओरडले, "आबा! औषध आहे ते!" ते म्हणाले, "त्यासलेबी जळजळ व्हस, सूनबाई. उगाच का येतस?" कॅप्सूल टप्प करून फुटायची, आणि वारा नसताना धूर सरळ स्वयंपाकघराकडे वळायचा, जिथे खापर ठेवलेलं असे. मी तेव्हा सांगायची, गरम हवा अशीच वळते. अजूनही सांगते. कोणी विचारलं तर.

शेवटच्या सकाळी मुलीची शाळेची घाई होती, रिबिन सापडत नव्हती. आबांनी विचारलं, "उनी का?" आणि मी त्राग्यानं, सात वर्षांत पहिल्यांदा, खरं बोलले. "नाही हो आबा, आज नाही आली." ते रागावले नाहीत. गोळी गिळली, मिशी पुसली, म्हणाले, "मग आज मनाकडे येई." दुपारी चारला खुर्च्या मांडल्या. साडेचारला मी चहा घेऊन गेले तेव्हा ते गेलेले होते, अगदी शांत, मान किंचित पुढे, कोणाचं तरी बोलणं ऐकत असल्यासारखी. त्यांचा पेला भरलेला होता. समोरच्या खुर्चीपुढचा रिकामा. ऊन होतं, पाणी आटतं, मला माहीत आहे. अर्ध्या तासात पेलाभर आटतं का, हे मी माझ्या केमिस्ट्रीला कधी विचारलं नाही.

आता मला स्वतःला रोजची गोळी आहे. नात म्हणते, "आजी, इतकी वर्षं ही गोळी चांगली नाही, हाडं तपासून घे." तपासते, डॉक्टर सांगतात तशी घेते, गोळीबाबत मी आबांपेक्षा शहाणी आहे. पण आखाजीच्या दिवशी ती विसरल्यासारखं करते, दुपारपर्यंतच. चारच्या सुमाराला ओट्यावर बसते. छातीत मंद धग उठते, आणि तोंडात ओल्या खापराची चव येते. खोटं नाही सांगत. समोरच्या खुर्चीत कोणी दिसत नाही, कोणी काही विचारतही नाही. तरी मीच आपली हळू आवाजात सांगून टाकते, "उनी, आबा. उनी."