सहीपुरती शहाणी

नांदुऱ्याच्या फलाटावर दादानं माझी पिशवी खिडकीतून आत दिली आणि म्हणाला, "लताचं लग्न उरकलं का घ्याले येतो तुले." लता माझी धाकटी बहीण. घरात एक येडी आहे हे कळलं तर तिची सोयरीक मोडेल, म्हणून मला पुण्याला आत्याकडे धाडलं. आमच्या गावात, सोनाळ्यात, सांगितलं, पोरगी शिकायला गेली. मायनं दशम्या बांधून दिल्या. रडली खूप, पण दादाला एका शब्दानं अडवलं नाही.

कुणी नसताना मला बोलणी ऐकू यायची, एवढाच माझा गुन्हा. त्यापायी अंगारे खाल्ले, लिंबं ओवाळून घेतली, एका बाबाच्या दारात साखळीनं बांधूनही घेतलं.

आत्यानं मला सरळ सरकारी दवाखान्यात नेलं. गोळ्यांनी बोलणी हळूहळू विरली, मी एका रोपवाटिकेत कामाला लागले. दवाखान्यातल्या समुपदेशक मॅडमनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "तुमच्या जिल्ह्याच्या दवाखान्यातही मानसोपचाराची ओपीडी आहे. तिथं का नाही दाखवलं?" मी काय सांगणार? माझा दादा त्याच दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर बसतो. परक्या माणसांना रोज तोच ती ओपीडी दाखवतो. स्वतःची बहीण त्या रांगेत कुणाला दिसू नये म्हणून मला साखळी! हे आजही माझ्या घशाखाली उतरत नाही.

लताला दोन मुलं झाली. वडील गेल्याचं मला तेरवीनंतर कळलं. दादा आला तो या उन्हाळ्यात, पेढे घेऊन. चहा झाल्यावर त्यानं हळूच कागद काढला. हक्कसोडपत्र. बापाच्या वावरातला हिस्सा बहिणींनी भावाला सोडायचा, ही आपल्याकडची रीत. लतानं सोडला होता.

"तू तं आता चांगली शायनी झाली," दादा म्हणाला. "कर सही."

मी दोन दिवस मागितले. मायचा फोन आला, "करून टाक बाई. नाही तं माहेर तुटीन." मॅडमनी मला कोर्टातल्या विधी सेवेच्या कार्यालयात पाठवलं. बाईमाणसाला तिथं वकील फुकट मिळतो, हेही मला कुणी सांगितलं नव्हतं. वकीलबाई म्हणाल्या, "लेकीचा हिस्सा लेकाएवढाच. सोडायचा की नाही, ते तुम्ही ठरवायचं."

दादा पुन्हा आला तेव्हा मी विचारलं, "दादा, येडीची सही चालते काय?" तो कागद घेऊन निघून गेला. जाताना माझ्याकडे पाहिलंही नाही.

माझ्यासारखं घरानं दूर लोटलेलं कुणी हे वाचत असेल, तर दवाखान्यात विचारा, कोर्टात विचारा. घरचे सांगतील म्हणून वाट पाहू नका.

आणि माय, माहेर तुटायचं ते नांदुऱ्यालाच तुटलं. आता सोनाळ्यात माझा फक्त वावराचा एक तुकडा आहे. मले घ्याले कोणी येऊ नका. यायचं झालं तर मी माझ्या वावरात येईन.