मालतीबाईंची थंड गाठ

सोलापूरच्या भवानी पेठेतल्या महापालिकेच्या शाळेला लागूनच चादरींचा कारखाना होता. सकाळी माग सुरू झाले की वर्गाच्या खिडक्या थरथरायच्या. नव्याने बदलून आलेले मास्तर आठवडाभरात घसा धरून बसायचे. मालतीबाई वळसंगकर मात्र वर्षानुवर्षं तिसरीच्या त्याच वर्गात उभ्या राहून शिकवत होत्या, आणि त्यांची कविता मागांच्या खडखडाटातूनही रस्त्यावर ऐकू जायची. वर्गातली निम्मी मुलं घरी तेलुगू बोलणारी, काही कन्नड, काही दखनी. त्यांच्या कानांवर पडणारी मराठी मुख्यतः बाईंचीच. म्हणून आपला शब्द न् शब्द शेवटच्या बाकापर्यंत स्वच्छ पोचला पाहिजे, याबद्दल बाई फार काटेकोर होत्या.

सत्त्याहत्तर सालच्या दिवाळीत त्यांची नणंद शकुंतला वेळापूरहून भाऊबिजेला आली. दुपारी दोघी माजघरात बसून गजरे करत होत्या. शकुंतला एकदम म्हणाली, "वहिनी, जरा मान वर करा बघू."

"का गं?"

"गळ्याला काय झालंय तुमच्या? उजवीकडं फुगीर दिसतंय की."

मालतीबाई आरशासमोर जाऊन भांडंभर पाणी प्यायल्या. घोटाबरोबर सुपारीएवढं काहीतरी वर सरकलं आणि पुन्हा जागेवर येऊन बसलं. दुखत नव्हतं, गिळायला त्रास नव्हता. गळ्यातली पोत गेले काही महिने एका बाजूला सरकत होती, ती का, ते आता कळलं.

सुट्टी संपायच्या आत त्या डॉक्टर सिद्रामप्पा हत्तुऱ्यांकडे गेल्या. हत्तुऱ्यांचा दवाखाना लहान, पण माणूस पारखी. त्यांनी बाईंच्या मागे उभं राहून गळ्यावर बोटं ठेवली आणि पाणी गिळायला लावलं.

"थायरॉइडची गाठ आहे," ते म्हणाले. "गळ्यात पुढच्या बाजूला ही ग्रंथी असते, दोन पंखांच्या फुलपाखरासारखी. तिच्यातून जो रस रक्तात जातो, त्यावर सगळ्या शरीराची चाल अवलंबून असते. जास्त झाला तर माणूस धावत सुटतं, कमी झाला तर मंदावतं. आधी रक्त तपासू."

सोलापुरात तेव्हा ती तपासणी होत नव्हती. रक्त मुंबईला पाठवावं लागलं. निकाल आला तो कमलाकररावांच्या हातात पडला. मालतीबाईंचे यजमान कमलाकरराव जिल्हा परिषदेत हेडक्लार्क होते. सरकारी इंग्रजी वाचण्यात त्यांची हयात गेलेली. टी-थ्री, टी-फोर असे दोन आकडे आणि दोन्हींपुढे 'नॉर्मल' हा शब्द. त्यांनी येताना पेढे आणले.

डॉक्टरांनी कागद पाहिला आणि मान हलवली. "रक्त उत्तम आहे. पण गाठ आहे तिथंच आहे ना? मुंबईला जाऊन स्कॅन करून या."

कमलाकररावांना ते पटलं नाही, तरी रजा टाकून ते बायकोला घेऊन गेले. मुंबईच्या इस्पितळात बाईंना पाण्यासारखं दिसणारं औषध प्यायला दिलं. त्यात आयोडीन आहे, आणि ते कुठं साठतं ते यंत्राला दिसतं, एवढंच तिथल्या माणसानं सांगितलं. दुसऱ्या दिवशी मान मागे टाकून टेबलावर झोपवलं. गळ्यावरून यंत्राचा एक जाड दांडा हळूहळू इकडून तिकडे सरकत होता, आणि शेजारी कागदावर टक टक करत ठिपके उमटत होते. हलायचं नाही, गिळायचंही नाही. मालतीबाई मनातल्या मनात पाढे म्हणत पडून राहिल्या.

उठल्यावर त्यांनी तो कागद पाहायला मागितला. डाव्या बाजूला दाट ठिपक्यांचा एक पंख स्पष्ट दिसत होता. उजवा पंख मात्र मधेच तुटलेला. तिथं कागद कोरा होता. बाईंनी नकळत गळ्यावर हात नेला. बोटाला गाठ लागत होती ती बरोबर त्याच जागी.

अहवालात लिहिलं होतं, उजव्या बाजूला 'कोल्ड नोड्यूल'.

परतीच्या गाडीत कमलाकरराव मोकळे झाले होते. "कोल्ड म्हणजे थंड. गरम असती तर भानगड होती. ही बापडी शांत पडलीय. रक्तही नॉर्मल. दोन्ही कागद आपल्या बाजूनं आहेत. आता विषय संपला."

"पण तिथं ठिपके का नव्हते?"

"थंड आहे म्हणून नव्हते."

"ते कळलं. पण थंड म्हणजे काय?"

"म्हणजे थंड! आता यात आणखी काय कळायचं?"

घरी आल्यावर त्यांनी शेजारीपाजारी तेच सांगितलं, वेळापूरला तेच कळवलं. बघता बघता महिना गेला. डॉक्टरांकडे जायचा विषय निघाला की ते म्हणत, "बघू संक्रांतीनंतर." मालतीबाईंचा स्वभाव भांडायचा नव्हता, पण न कळलेली गोष्ट कळली म्हणायचाही नव्हता. वर्गात एखाद्या मुलानं अर्थ न समजता नुसती मान डोलावली, तर त्या पुढे जात नसत. इथं तर त्यांना स्वतःलाच मान डोलवायला सांगितलं जात होतं.

एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर त्या दोन्ही कागद पिशवीत घालून एकट्याच हत्तुऱ्यांकडे गेल्या.

"डॉक्टर, मला हे समजावून सांगा. मी घाबरणार नाही. पण अर्धवट सांगू नका."

हत्तुऱ्यांनी कागद टेबलावर पसरले. "बाई, हे दोन कागद दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. रक्तावरून कळतं, ग्रंथी शरीराला पुरेसा रस देते की नाही. तुमच्या शाळेशेजारी कारखाना आहे. तिथून दिवसाला ठरलेला माल बाहेर पडतोय की नाही, तसं हे. तुमचा माल बरोबर पडतोय. पण आत एखादा माग बंद असला तर ते मालावरून कळेल का?"

"नाही. बाकीचे माग भरून काढत असतील."

"बरोबर. ते बघायला आत जावं लागतं. स्कॅन म्हणजे आत जाणं. ग्रंथीचा जो भाग काम करतो तो आयोडीन ओढून घेतो, तिथं ठिपके पडतात. जो करत नाही, तो कोरा. त्याला आम्ही थंड म्हणतो. हाताला गार लागतो म्हणून नव्हे, आणि शांत आहे म्हणूनही नव्हे."

"म्हणजे थंड हे चांगलं नाही."

"वाईटच आहे असंही नाही. अशा बहुतेक गाठी निरुपद्रवी निघतात. कधी आत नुसतं पाणी असतं. पण थोड्या, शंभरातल्या दहा-पंधरा म्हणा, कॅन्सरच्या असतात. गरम गाठीत, म्हणजे जास्त आयोडीन ओढणाऱ्या गाठीत, ते फार क्वचित. तुमची कुठली, ते या कागदावरून मला सांगता येणार नाही, मुंबईच्या मोठ्या डॉक्टरलाही नाही. गाठ काढून तपासली तरच कळेल."

मालतीबाईंनी कागद स्वतःकडे ओढून कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. मग त्यांनी विचारलं, "काढण्यात धोका कसला?"

"आवाजाची नस ग्रंथीच्या मागूनच जाते. तिला इजा झाली तर आवाज बसतो. चांगल्या सर्जनच्या हातून सहसा होत नाही. पण कधीच होत नाही, असं मी म्हणणार नाही."

"न काढता वाट पाहिली तर?"

"कदाचित काहीच होणार नाही. कदाचित उशीर होईल."

"मग काढू या," मालतीबाई म्हणाल्या.

घरी येऊन त्यांनी हातपाय धुतले, चहा टाकला, आणि कमलाकररावांसमोर कागद ठेवून डॉक्टरांनी सांगितलं ते सगळं, एक शब्द न गाळता सांगितलं. कमलाकररावांनी ऐकलं. चहा तसाच राहिला.

"मला ठाऊक नव्हतं असं नाही," ते म्हणाले. "मुंबईलाच मी तिथल्या एकाला विचारलं होतं. तो म्हणाला, डॉक्टरांना दाखवा, उशीर करू नका. आई गेली ती पोटातल्या गाठीनं. ऑपरेशन केलं आणि महिन्यात गेली. तुझ्या कागदावर थंड असं वाचलं आणि मी तोच शब्द धरून बसलो."

मालतीबाईंना राग यायला हवा होता. तो आलाही, पण त्यांनी निवलेला चहा उचलून पुन्हा गरम करायला ठेवला. "अहो, सासूबाईंची गाठ वेगळी, माझी वेगळी," त्या म्हणाल्या. "पुढच्या वेळी आपण दोघं जाऊ. मला जे कळलंय ते तुम्हीही डॉक्टरांच्या तोंडून समजून घ्या. मग भीती वाटली तर दोघांना मिळून वाटू दे."

संक्रांतीला भरणारी गड्ड्याची जत्रा उठली आणि त्याच आठवड्यात ऑपरेशन ठरलं. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर म्हमाणे मितभाषी होते. बाईंनी त्यांना सरळ विचारलं, "अशी ऑपरेशनं आपण वरचेवर करता का? मी शिक्षिका आहे. मला आवाज लागतो."

म्हमाण्यांना असं कुणी विचारत नसे. ते म्हणाले, "वरचेवर करतो. आणि नस डोळ्यांनी दिसल्याशिवाय मी पुढं कात्री लावत नाही."

"एवढंच हवं होतं," बाई म्हणाल्या.

ग्रंथीचा उजवा भाग गाठीसकट काढला. शुद्धीवर आल्यावर नर्सनं नाव विचारलं, तर घशातून फक्त हवा आली. कमलाकरराव भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. म्हमाण्यांनी घसा पाहिला आणि म्हणाले, "नस शाबूत आहे, सूज आहे. थोडे दिवस जाऊ द्या."

तपासणीचा निकाल आला. गाठीत कॅन्सर होता. अगदी लहान, आतल्या आत राहिलेला, पसरायच्या आधी सापडलेला. या जातीचा कॅन्सर सावकाश चालतो आणि वेळेत काढला की माणूस आपलं आयुष्य जगतं, असं म्हमाण्यांनी सांगितलं. रोज सकाळी एक गोळी घ्यायची आणि ठरावीक काळानं गळा दाखवत राहायचं. कमलाकररावांनी तिथंच प्रश्न विचारायला सुरुवात केली. गोळी कशासाठी, किती वर्षं, पुढचं रक्त कधी? एकही शब्द त्यांनी अंदाजावर सोडला नाही. मालतीबाई नुसत्या ऐकत होत्या.

फाल्गुनात त्या शाळेत रुजू झाल्या तेव्हा आवाज अजून घोगरा होता. त्यांनी मुलांना बाकं पुढं ओढायला लावली आणि हळू बोलून शिकवलं. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर आवाज बराचसा परतला. वरच्या पट्टीतला थोडा गेला तो गेलाच. त्यामुळे कविता त्या खालच्या सुरात म्हणू लागल्या. त्याचं त्यांना वाईट वाटलं, पण फार दिवस नाही.

दुसऱ्या वर्षी पालकसभेला काशम्मा आली. तिची मुलगी बाईंच्या वर्गात होती आणि ती स्वतः विड्या वळायची. एरवी अंगानं भरलेली बाई पार वाळली होती, डोळे मोठे दिसत होते, सही करताना बोटं थरथरत होती. गळा दोन्ही बाजूंनी सुजलेला.

"अंगात आग होते बाई," ती म्हणाली. "छातीत सारखं धडधडतंय. पानावर पान बसत न्हाय. घरचे म्हणतात उष्णता हाय, सब्जा पी. लई पिले, काय फरक न्हाय."

"माझ्याबरोबर चल," मालतीबाई म्हणाल्या.

"तुमच्यासारखं गळा कापतात काय की?"

"ते तपासल्यावर कळेल. माझं कापलं म्हणून तुझं कापतील असं नाही. तुझं दुखणं तुझं आहे."

काशम्माच्या रक्तात रस फार वाढलेला निघाला. मुंबईहून करून आणलेल्या स्कॅनच्या कागदावर दोन्ही पंख गच्च काळे, कोरी जागा कुठंच नाही. "हिची सगळी ग्रंथी जास्त काम करतेय," हत्तुरे म्हणाले. "आधी गोळ्यांनी आवरून बघू."

काशम्मानं कागदाकडे पाहिलं, डॉक्टरांकडे पाहिलं, आणि शेवटी बाईंकडे वळली. "बाई, मला नीट सांगा. तुमच्या पोरांना सांगता तसं."

मालतीबाईंनी खुर्ची तिच्याजवळ ओढली, कागद दोघींच्या मधे धरला आणि डाव्या पंखापासून सांगायला सुरुवात केली.