ओल्या फरशीवरचे नाल

श्रावणात तोरणमाळच्या डोंगरावर जाऊन नवस फेडायचा, असं वडिलांनी ठरवलं. तळोद्याच्या आमच्या सपाट मुलखात लांबच्या वाटेला बैल काढायचा तर आधी नाल ठोकायचे, हा रिवाज. म्हणून ओझं वाहणाऱ्या बैलाला आम्ही पाय बांधून अंगणात पाडलं. तो डोळे पांढरे करून हंबरत होता, तोंडाला फेस आला होता. मी त्याच्या मानेवर गुडघा रोवून बसलो आणि नालबंद खिळे ठोकत राहिला.

वाट दाखवायला डोंगरातून आलेला पावरा जमातीचा माणूस ओट्यावरून हे बघत होता. तो म्हणाला, "आमना बैलले नाल नही. खडक ओला शे, लोखंड घसरी जाई."

मी तेव्हा विशीतला. माझा हात जिभेआधी चालायचा. हा मला बैल शिकवतो? उठलो, आसूड उचलला आणि त्याच्या तोंडावर ओढला. गाल फाटला. वडिलांनी मला अडवलं नाही, ते मला अजून टोचतं.

मग बैलाचे पाय सोडले. पिसाळलेला तो उठला आणि थेट विहिरीकडे धावला. विहिरीभोवतीच्या, पावसाने भिजलेल्या फरशीवर चारही पाय एकदम निसटले आणि पुढचा पाय ऊस मोडावा तसा कडाडला.

सगळ्यांच्या आधी तो पावराच धावला. बैलाचं डोकं मांडीवर घेऊन बसला. त्याच्या गालाचं रक्त बैलाच्या कपाळावर ठिबकत होतं. माझ्या मुठीत आसूड तसाच होता. त्याने वर पाहिलं.

"आते कोनले मारशी?"