मधली नळी

सगळे तिला मावशी म्हणत. प्रयोगशाळेत काचेची भांडी धुण्याचं काम ती एकोणीस वर्षं करत होती. घासायची, चार पाण्यांतून काढायची आणि मग पाचशे अंशांच्या भट्टीत तासन्‌तास भाजायची. भाजलेल्या नळीला उघडा हात लावायचा नाही, बोटाचा घामही नमुना बिघडवतो, हा तिथला पहिला नियम. नव्या पोरांना तो तीच दरडावून सांगे.

त्या सोमवारी आकाशातून पडलेल्या एका दगडाची पूड तपासायची होती. सजीवांच्या शरीरातली प्रथिनं ज्या अमिनो आम्लांची बनतात, ती या दगडात आहेत का, हे प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमना पाहायचं होतं. पूड होती चिमूटभर. तिचे तीन भाग करून तीन नळ्यांत घालायचे होते.

"मावशी, झालं का?" मॅडम घाईत होत्या.

"झालंच," म्हणत मावशीने हातमोजे काढले, आणि तेवढ्यात तबकातली मधली नळी घरंगळली. तिने ती वरच्यावर झेलली. अंगठा थेट नळीच्या तोंडात गेला. मॅडम पाठमोऱ्या होत्या. मावशीने नळी जागच्या जागी ठेवली आणि तबक पुढे केलं.

तेव्हापासून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. भाजीत मीठ दोनदा पडलं. "आज समुद्रच वाढलास की," नवरा म्हणाला. ती हसली नाही. कामावर ती धुतलेलंच पुन्हा धुवत बसे. मॅडमच्या खोलीवरून दिवसातून दहा वेळा जायची आणि तशीच परत यायची.

शुक्रवारी ती आत शिरली आणि खुर्चीवर न बसताच सगळं सांगून टाकलं.

मॅडमनी संगणक तिच्याकडे वळवला. मग त्यांनी पडद्यावरच्या आलेखातले उंचवटे दाखवले. "या आम्लांची दोन रूपं असतात, डाव्या-उजव्या हातासारखी. सजीवांत जवळजवळ सगळी डावीच. कडेच्या दोन नळ्यांत दोन्ही सारखीच निघाली, म्हणजे ती दगडातली. मधलीत डावी जास्त. ती जास्तीची तुमच्या अंगठ्याची. चार दिवस मी मशीनला दोष देत बसले होते."

"म्हणजे दगडात जीव होता?"

"नाही. जीव घडायला लागणारा माल होता."

"आणि मधलीतली पूड?"

"वाया गेली. तसली आता मिळायची नाही." मॅडमनी चष्मा काढला. "सोमवारीच सांगायचंत, मावशी. दुसरी नळी घेतली असती."

नोकरी राहिली. दोन नळ्यांवर मॅडमचं काम निभावलं आणि अहवालही गेला. 'हाताळणीतील चुकीमुळे एक नमुना वगळला,' एवढंच त्यात होतं, कुणाचं नाव नव्हतं. मावशीने ते वाक्य मॅडमकडून दोनदा वाचून घेतलं. घरी नवऱ्याला म्हणाली, "चूक माझी होती. माझं नाव घातलं असतं तर बरं झालं असतं."